कलावंत–कारागीर सहयोग, चित्रपटातील

कल्पना मांडणारा कलावंत आणि ती लाकूड, धातू, कापड, माती, चामडे इ. माध्यमांत साकार करणारा कारागीर यांनी मिळून केलेली निर्मिती. चित्रपटाच्या संदर्भात या सहयोगाला दोन अंगे आहेत. एक म्हणजे चित्रपट ही वस्तूच अशा सहयोगातून घडते. नेपथ्य, वेशभूषा, अलंकार, शस्त्रे, प्रकाशयोजना आणि प्रारंभीच्या काळात तर कॅमेरादेखील कारागिराच्या हातून तयार झाला. दुसरे अंग असे, की दोघांच्या एकत्रित कामाची प्रक्रिया हाच विषय घेऊन लघुपट व अनुबोधपट काढले जातात. महाराष्ट्रात पहिल्या अंगाचे सर्वांत ठळक उदाहरण कोल्हापूर येथे आढळते. तेथे १९१० ते १९३३ या कालखंडात चित्रकार, सुतार, लोहार, रंगारी आणि यंत्रकुशल माणसे यांच्या एकाच कर्मशाळेतून एक चित्रपटव्यवसाय उभा राहिला. दुसऱ्या अंगाची परंपरा मात्र तेथे फार पुढे रुजली नाही. त्यामुळे ज्या हातांनी हे काम केले, त्यांपैकी बहुतेकांचे चित्रण वा नावही उरलेले नाही.

पार्श्वभूमी : कोल्हापूर संस्थानात दरबाराच्या आश्रयाने चित्रकार आणि कारागीर हे दोन्ही वर्ग नांदत होते. छत्रपती शाहू महाराजांच्या कारकीर्दीत (१८९४–१९२२) आबालाल रहिमान यांच्यासारखा कलाशाळेत शिकलेला चित्रकार दरबारात होता. मल्लविद्या, संगीत आणि नाटक यांना राजाश्रय होता. शहरात पॅलेस थिएटर हे नाट्यगृह १९१३–१५ या काळात बांधण्यात आले. पुढे ते केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ओळखले जाऊ लागले.

या वातावरणात कृष्णराव मेस्त्री यांचे घराणे पुढे आले. ‘मेस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’ (कुशल कारागीर, उस्ताद) यावरून मराठीत रूढ झाला असून सुतार, गवंडी इ. कारागिरांच्या प्रमुखास तो लावला जातो. कृष्णराव सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम आणि हस्तिदंतावरील कोरीव काम यांत निष्णात होते. त्यांचे पुत्र बाबूराव (३ जून १८९०–१६ जानेवारी १९५४) आणि बाबूरावांचे आतेमामेचुलत नात्यांतील ज्येष्ठ सहकारी आनंदराव मेस्त्री (मृ. १९१६) यांनी चित्रकला व शिल्पकला रीतसर शाळेत न जाता घरच्याच कामातून आत्मसात केली. नाटकांचे पडदे रंगविण्याच्या व्यवसायामुळे दोघेही ‘पेंटर’ या नावाने प्रसिद्ध झाले. मेस्त्री हे कारागिराचे नाव आणि पेंटर हे चित्रकाराचे. एकाच कुटुंबाला ही दोन्ही नावे लागली, यावरून कोल्हापुरात या दोन वर्गांमधील सीमारेषा किती पुसट होती हे दिसते.

नाट्यपडद्याचे काम मुळातच सहयोगाचे असे. जाड सुती कापडाच्या पट्ट्या शिवून हव्या त्या मापाचा पडदा केला जाई; त्यावर खळ व खडूचा थर देऊन पृष्ठभाग गुळगुळीत करीत; मग सरसात कालविलेल्या रंगांनी महाल, रस्ता, अरण्य अशी दृश्ये यथार्थदर्शनाच्या नियमांनुसार रेखाटीत. पडदा गुंडाळताना रंगाला भेगा पडू नयेत, तो लवकर वर-खाली व्हावा, दिव्याच्या उजेडात खोली भासावी, या गोष्टी शिंपी, सुतार आणि चित्रकार यांनी एकत्र बसून सोडवाव्या लागत. आनंदराव आणि बाबूराव यांनी १९१० ते १९१६ च्या दरम्यान अनेक नामवंत संगीत नाटक मंडळ्यांसाठी असे पडदे तयार केले. पुढे चित्रपटासाठी देखावे उभारताना हाच अनुभव त्यांच्या कामी आला.

कॅमेऱ्याची घडण : दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र हा मूकपट १९१३ मध्ये प्रदर्शित झाल्यावर आनंदराव आणि बाबूराव यांचे लक्ष चित्रपटाकडे वळले. प्रथम त्यांनी कोल्हापुरात ‘डेक्कन सिनेमा’ या नावाने चित्रपट दाखविण्याचा व्यवसाय केला. विलायती कॅमेरा विकत घेण्याइतके भांडवल त्यांच्यापाशी नव्हते. आनंदरावांनी एक जुना प्रक्षेपक मिळविला आणि त्याच्या यंत्रणेच्या आधारे कॅमेरा बनविण्याचा निश्चय केला. हे काम चालू असतानाच १९१६ मध्ये त्यांचे निधन झाले. नंतर बाबूरावांनी आपले सहकारी विष्णुपंत गोविंद दामले (१८९२–१९४५) यांच्या साहाय्याने ते नेटाने पुढे नेले आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालू स्थितीत आणला.

हा प्रयत्न शक्य कसा झाला, हे समजण्यासाठी दोन्ही यंत्रांमधील साम्य ध्यानात घेणे आवश्यक आहे. प्रक्षेपकात मागील दिव्याचा प्रकाश चित्रफितीतून व भिंगातून पडद्यावर जातो, तर कॅमेऱ्यात समोरच्या दृश्यावरून आलेला प्रकाश भिंगातून फितीवर पडतो. प्रकाशाची दिशा उलट असली, तरी फीत पुढे सरकविण्याची रीत तत्त्वतः एकच असते. ३५ मिमी. रुंदीच्या फितीच्या दोन्ही कडांना प्रत्येक चित्रचौकटीमागे चार छिद्रे असतात. त्यांत दंतचक्राचे दाते किंवा एक लहान आकडा अडकून फीत एक चौकट खाली ओढली जाते. ती क्षणभर पूर्ण स्थिर राहते, तेवढ्यात फिरती झडप उघडून प्रकाश आत येतो आणि झडप मिटताच फीत पुन्हा सरकते. मूकपटकाळात कॅमेऱ्याचा दांडा हाताने सेकंदाला सुमारे दोन फेरे फिरवीत आणि प्रत्येक फेऱ्यास आठ चौकटी घेतल्या जात. म्हणजे सेकंदाला सोळा चौकटी.

तत्त्व सोपे असले, तरी घडण अत्यंत अवघड होती. आकडा आणि झडप यांच्या हालचालींत थोडा जरी मेळ चुकला, तरी चित्र ओढल्यासारखे दिसते. चौकट दर वेळी नेमक्या त्याच जागी थांबली नाही, तर पडद्यावरील दृश्य थरथरते. पेटीच्या सांध्यातून प्रकाशाची तिरीप आत शिरली, तर सारी फीत धुरकटते. पितळी दंतचक्रे लेथवर कातून, कानशीने घासून आणि पुन्हा पुन्हा चाचणी घेऊन जुळवावी लागत. लाकडी पेटीचे सांधे प्रकाशबंद होतील इतके घट्ट बसवावे लागत. चित्रकाराची नजर येथे पुरेशी नव्हती. धातू आणि लाकूड यांचा स्वभाव जाणणारा हात हवा होता. बाबूरावांच्या ठायी या दोन्ही गोष्टी होत्या आणि दामले यांची यंत्रबुद्धी त्यांच्या जोडीला होती. कोल्हापुरात या घटनेची आठवण म्हणून खरी कॉर्नर येथे चित्रपट-कॅमेऱ्याचे स्मारक उभारलेले आहे.

महाराष्ट्र फिल्म कंपनी : तानीबाई कागलकर यांनी पुरविलेल्या भांडवलावर बाबूरावांनी १९१७–१८ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली. तिचा पहिला मूकपट सैरंध्री हा फेब्रुवारी १९२० मध्ये पुणे येथे आर्यन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांचा सुवर्णपदक व ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन गौरव केल्याचे प्रसिद्ध आहे.

कंपनीची रचना आधुनिक कारखान्यापेक्षा पारंपरिक कर्मशाळेसारखी होती. उमेदवार म्हणून आलेल्या तरुणाला झाडलोट, सुतारकाम, रंगकाम, फीत धुणे व सुकविणे, अभिनय आणि संकलन अशी सर्व कामे करावी लागत. व्ही. शांताराम हे १९२० च्या सुमारास याच पद्धतीने कंपनीत शिकले. दामले आणि शेख फत्तेलाल हे पेंटर बंधूंच्या हाताखाली तयार झाले. पुढे दोघांनी मिळून महारथी कर्ण (१९२८) हा मूकपट दिग्दर्शित केला. गुरूच्या शेजारी बसून, पाहून आणि चुका सुधारून शिकण्याची ही रीत सोनार, सुतार, मूर्तिकार यांच्या घरांत पूर्वापार चालत आलेली होती. चित्रपटकलेचे शिक्षण देणारी संस्था देशात नव्हती, त्या काळात तिची जागा या कर्मशाळेने घेतली.

सहयोगाची फळे कंपनीच्या मूकपटांत चार बाबतींत विशेष जाणवतात. पहिली बाब नेपथ्याची. रंगविलेल्या सपाट पडद्याऐवजी बाबूरावांनी लाकडी सांगाडे, कापड, प्लास्टर आणि कागदाचा लगदा यांपासून त्रिमितीय देखावे उभारले. पडद्यावरील खांब केवळ समोरून दिसतो, पण घडविलेल्या खांबामागून पात्र चालत जाऊ शकते. त्यामुळे अभिनेत्यांच्या हालचालींना आणि कॅमेऱ्याच्या कोनांना मोकळीक मिळाली. स्वतः पडदे रंगविण्यात नाव मिळविलेल्या चित्रकाराने पडदा दूर सारून सुताराला पुढे आणावे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

दुसरी बाब रंगांची. मूकपटकाळातील प्रचलित फीत तांबड्या प्रकाशास जवळजवळ असंवेदनशील आणि निळ्यास अतिसंवेदनशील होती. त्यामुळे कुंकू, लाल शेला किंवा गेरूची भिंत चित्रात काळी दिसे, तर निळे आकाश किंवा निळे वस्त्र पांढरे पडे. म्हणून देखाव्याचा रंग डोळ्यांना कसा दिसतो यापेक्षा फितीवर त्याची कोणती छटा उमटेल, हे पाहून रंगाऱ्याला काम करावे लागे. रंगारी, शिंपी आणि रंगभूषाकार या सर्वांनाच रंगांकडे नव्याने पाहणे भाग पडले.

तिसरी बाब प्रकाशाची. आरंभी चित्रण सूर्यप्रकाशात, पांढऱ्या कापडाचे छत आणि परावर्तक फळ्या यांच्या साहाय्याने होई. सिंहगड (१९२३) या मूकपटातील रात्रीच्या प्रसंगांसाठी विजेच्या प्रखर दिव्यांचा वापर करण्यात आला. चौथी बाब प्रसिद्धीची. बाबूराव दृश्ये आणि वेशभूषा आधी रेखाटून काढीत आणि चित्रपटाची भित्तिपत्रकेही स्वतः रंगवीत. कल्याण खजिना (१९२४) या चित्रपटाचे भित्तिपत्रक हे आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांपैकी अगदी जुन्यांत गणले जाते. या चित्रपटाला वेम्बली येथील प्रदर्शनात पदक मिळाले.

भव्य देखाव्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या याच कंपनीने नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून सावकारी पाश (१९२५) हा शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावरील मूकपट काढला. त्यात महाल नाहीत, अलंकार नाहीत. उजाड झोपडी, अंधार आणि मोजक्या वस्तू आहेत. हाताशी कुशल कारागीर असताना त्यांची करामत आवरून धरणे हादेखील सहयोगाचाच एक प्रगल्भ प्रकार होय.

प्रभात आणि श्रमविभाग : व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि केशवराव धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्या आर्थिक साहाय्याने १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. बोलपटाच्या आगमनानंतर अयोध्येचा राजा (१९३२) हा बोलपट तेथेच तयार झाला. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास गेली. प्रभातमध्ये जुन्या कर्मशाळेचे रूपांतर निश्चित विभागांत झाले. फत्तेलाल यांच्याकडे कलादिग्दर्शन, दामले यांच्याकडे ध्वनिमुद्रण व तांत्रिक व्यवस्था आणि त्यांच्या हाताखाली सुतार, मूर्तिकार, रंगारी, शिंपी यांचे ताफे अशी ही रचना होती. दामले–फत्तेलाल या जोडीने दिग्दर्शित केलेल्या संत तुकाराम (१९३६) या चित्रपटाचा १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरव झाला. त्यातील देहूचे घर, ओटा, जाते, विठ्ठलमंदिर या गोष्टी देखावा म्हणून डोळ्यांत भरत नाहीत, हेच त्या कारागिरीचे यश आहे. याउलट सदेह वैकुंठगमनाच्या प्रसंगातील विमान ही सुतार, चित्रकार आणि छायालेखक यांची उघड करामत आहे.

या श्रमविभागाचा एक परिणाम असा झाला, की विभागप्रमुखाचे नाव श्रेयनामावलीत आले आणि त्याच्या हाताखालील कारागीर अनाम राहिले. कर्मशाळेत उमेदवाराला आज ना उद्या उस्ताद होण्याची संधी होती. विभागातील रोजंदारीच्या सुताराला ती क्वचितच मिळे. बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी सोडल्यानंतर ती फार काळ टिकली नाही. पुढे त्यांनी शालिनी सिनेटोनसाठी उषा (१९३५), प्रतिभा (१९३७) इ. बोलपट दिग्दर्शित केले. त्यांची शिल्पकलाही शेवटपर्यंत चालू राहिली. कोल्हापुरातील शिवाजी चौकातील छत्रपती शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा हे त्यांचेच काम होय.

लघुपटांतील चित्रण : निर्मितीची प्रक्रिया हाच विषय असलेला महाराष्ट्रातील एक आद्य लघुपट म्हणजे फाळके यांचा चित्रपट कसे तयार करतात (१९१७). त्यात फाळके कलावंतांना सूचना देताना, फीत तपासताना व जुळविताना दिसतात. पडद्यावरील चमत्कारामागे हातांचे काम आहे, हे प्रेक्षकाला उघड करून दाखविणे हा त्याचा हेतू होता. फाळके यांच्या लघुपटांच्या यादीत तळेगाव काच कारखाना हेही नाव आढळते. ‘पैसा फंडा’तून उभ्या राहिलेल्या त्या कारखान्याचे चित्रण म्हणजे स्वदेशीच्या काळातील कारागिरीची नोंद होय.

इतर देशांत या प्रकाराला १९२० नंतर निश्चित रूप आले. रॉबर्ट फ्लॅहर्टी याने १९२५ मध्ये कुंभारकामावर एक लघुपट काढला. डच दिग्दर्शक बर्ट हान्स्ट्रा याचा ग्लास (१९५८) हा सुमारे अकरा मिनिटांचा लघुपट या प्रकारातील मानदंड समजला जातो. त्यात काच फुंकणाऱ्या कारागिरांचे गाल, बोटे आणि श्वास यांच्या लयीला संगीताची जोड दिली आहे. त्यापुढे यंत्राने होणारे बाटल्यांचे उत्पादन दाखविले आहे आणि यंत्र अडखळताच बाटल्या फुटू लागतात. निवेदनाचा एक शब्दही न वापरता हात व यंत्र यांतील फरक त्यात स्पष्ट होतो. या लघुपटास ऑस्कर पारितोषिक मिळाले.

भारतीय वस्तूंवरील एक प्रसिद्ध लघुपट म्हणजे चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन अभिकल्पकार दांपत्याने न्यूयॉर्क येथील प्रदर्शनावरून १९५५ मध्ये तयार केलेला भारतीय वस्त्रे व अलंकारकलेवरील लघुपट. वस्तूंचे सौंदर्य त्यात अप्रतिम टिपलेले आहे. तथापि त्या घडविणारा माणूस त्यात नाही. या प्रकारातील एक कायमची उणीव यावरून लक्षात येते.

भारतात १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने कला व हस्तव्यवसाय यांवर अनेक अनुबोधपट काढले [→ अनुबोधपट]. मकबूल फिदा हुसेन यांचा थ्रू द आइज ऑफ अ पेंटर (१९६७) हा राजस्थानातील दृश्यांवरील निवेदनरहित लघुपट बर्लिन महोत्सवात सर्वोत्कृष्ट लघुपट ठरला. हुसेन यांनी उमेदीच्या काळात मुंबईत चित्रपटांचे मोठमोठे फलक रंगविले होते. कारागिराच्या कामातून आलेल्या चित्रकाराने कॅमेरा हाती घ्यावा, हे कोल्हापूरच्या पेंटर बंधूंशी नाते सांगणारे उदाहरण होय. सत्यजित राय यांच्या द इनर आय (१९७२) या लघुपटात दृष्टी गमावलेले चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी स्पर्शाच्या आधारे काम करताना दिसतात. डोळा आणि हात यांचे नाते इतक्या मूलभूत पातळीवर दाखविणारे चित्रण विरळाच. मणी कौल यांचा माटी मानस (१९८५) हा पूर्ण लांबीचा असला, तरी मृत्पात्रीची परंपरा, तिच्या दंतकथा आणि कुंभाराचे काम यांची सांगड घालणारा म्हणून तो येथे उल्लेखनीय आहे.

कोल्हापूरच्या परंपरेशी थेट संबंध असलेला अलीकडचा चरित्रपर अनुबोधपट म्हणजे वीरेंद्र वळसंगकर दिग्दर्शित विष्णुपंत दामले : बोलपटांचा मूकनायक. त्यास २०११ या वर्षासाठीच्या राष्ट्रीय चित्रपट पारितोषिकांत चरित्रपर चित्रपटाचे पारितोषिक मिळाले. पडद्यामागे राहिलेल्या तंत्रज्ञास नायकत्व देणारे त्याचे नावच या सबंध परंपरेवर भाष्य करणारे आहे.

रचना व तंत्र : अशा लघुपटांची रचना सामान्यतः कच्चा माल, हत्यार, हात आणि पूर्ण झालेली वस्तू या क्रमाने होते. हा क्रम समजण्यास सोपा असला, तरी केवळ तेवढ्यावर थांबल्यास चित्रण माहितीपत्रकासारखे होते. सहयोग हा विषय असेल, तर खरे नाट्य कलावंत व कारागीर यांच्या निर्णयांत असते. कलावंताने काढलेली वक्ररेषा लाकडाच्या रेषांविरुद्ध जाते, असे सुतार सांगतो. मग आकृती बदलते, किंवा सुतार जोड देण्याची नवी रीत शोधून काढतो. नकार, दुरुस्ती आणि तडजोड यांचे असे क्षण टिपण्यासाठी दीर्घ काळ सोबत राहावे लागते. केवळ एका दिवसाच्या चित्रणात कारागीर कॅमेऱ्यासाठी कामाचे प्रात्यक्षिक करतो, प्रत्यक्ष काम करीत नाही.

ध्वनीचे महत्त्वही मोठे आहे. पत्रा ठोकताना हातोडीच्या बदलत्या आवाजावरून तो केव्हा ताणला गेला हे तांबटाला कळते. रंध्याच्या आवाजावरून सुताराला त्याची धार समजते. अशा आवाजांवर पार्श्वसंगीत चढविले, की ज्ञानाचा एक भाग झाकला जातो. निवेदनाच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. बाहेरच्या निवेदकाने प्रमाण भाषेत दिलेल्या वर्णनापेक्षा कारागिराने आपल्या बोलीत वापरलेले हत्यारांचे व क्रियांचे शब्द अधिक मोलाचे असतात, कारण त्यांपैकी पुष्कळ कोशांत नोंदलेले नसतात. काही रीती घराण्याच्या गुपितात मोडतात. त्या दाखविण्यापूर्वी संबंधितांची संमती घेणे, हा औचित्याचा आणि हक्काचाही प्रश्न आहे.

श्रेय व मोबदला : कलावंताचे नाव आणि कारागिराचे काम या जुन्या विषमतेचा प्रश्न कोल्हापुरात २०२५ मध्ये एका वेगळ्याच निमित्ताने पुढे आला. कोल्हापुरी चप्पल ही बाभळीची साल, हिरडा इ. वनस्पतिज पदार्थांनी कमावलेल्या चामड्यापासून, तळ, पट्टा, कान, वेणी असे भाग हाताने शिवून करतात. कातडे कमावणारे, तळ कापणारे आणि वेणी विणणारे हात बहुधा वेगवेगळे असून शेवटच्या कामात स्त्रियांचा मोठा वाटा असतो. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे यांना या चपलेसाठी २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. जून २०२५ मध्ये मिलान येथील एका प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने तशाच घडणीच्या चपला मूळ स्थानाचा उल्लेख न करता मांडल्या. त्यावर महाराष्ट्रातून तीव्र आक्षेप घेण्यात आल्यानंतर कंपनीने पारंपरिक भारतीय पादत्राणांपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. कंपनीच्या प्रतिनिधींनी कोल्हापूरला भेट दिली आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक येथील चर्मोद्योग महामंडळांशी सामंजस्य करार झाला.

भौगोलिक निर्देशांक हा प्रदेशाच्या नावाचे रक्षण करतो. त्यातील एकेका कारागिराचे नाव त्याने पुढे येत नाही. ते काम लघुपट करू शकतो. कोणता भाग कोणी केला, ती रीत त्याने कोणाकडून घेतली, एका जोडाला किती दिवस लागले आणि त्याच्या हाती किती पैसे पडले, या चार गोष्टी चित्रणात आल्या, तर सहयोग या शब्दाला अर्थ येतो. त्या वगळल्या, तर लघुपट हा अभिकल्पकाराची जाहिरात होऊन बसतो. श्रेयनामावलीत कारागिरांची नावे कलावंताच्या बरोबरीने देणे आणि चित्रणासाठी मोडलेल्या रोजाचा मोबदला देणे, ही किमान पथ्ये होत.

जतन : महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांपैकी बहुतेक नष्ट झाले आहेत. त्या काळातील नायट्रेट फीत अत्यंत ज्वालाग्राही असून कालांतराने आपोआप विघटित होते; शिवाय प्रदर्शनाची उपयुक्तता संपल्यावर ती जपून ठेवण्याची व्यवस्थाही नव्हती. सैरंध्री किंवा सिंहगड यांच्या नेपथ्याची कल्पना आज भित्तिपत्रके, छायाचित्रे आणि आठवणी यांवरूनच करावी लागते. ज्या कर्मशाळेत कॅमेरा घडला, तिच्या दैनंदिन कामाचे हलते चित्र उपलब्ध नाही. ८ ऑगस्ट २०२४ रोजी केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले, तेव्हा त्या काळातील नाट्यव्यवहाराची एक प्रत्यक्ष खूणही हरपली. इमारत पुन्हा बांधता येते, कारण तिची मापे व छायाचित्रे असतात. पडद्याला खळ देण्याचे प्रमाण किंवा दंतचक्र जुळविताना हाताला जाणवणारा सूक्ष्म अडथळा यांचा आराखडा मात्र कोठेही नसतो. हे ज्ञान एका पिढीच्या हातांतून दुसरीच्या हातांत जाते. ही साखळी तुटल्यास मागे वस्तू उरते, रीत उरत नाही.

या दृष्टीने कलावंत–कारागीर सहयोगावरील लघुपट हा करमणुकीचा किंवा प्रसिद्धीचा प्रकार नसून कलेतिहासाचे एक प्राथमिक साधन ठरतो. कोल्हापूर परिसरात चर्मकाम, हुपरीचे चांदीकाम, साजासारखे अलंकार, मूर्तिकाम आणि चित्रपटनेपथ्याशी संबंधित सुतारकाम यांची परंपरा अद्याप चालू आहे. हाताशी सहज उपलब्ध झालेल्या लहान कॅमेऱ्यांमुळे तिची नोंद करणे पूर्वीइतके खर्चाचे राहिलेले नाही. शंभर वर्षांपूर्वी या शहरातील कारागिरांनी कॅमेरा स्वतः घडवून त्यापुढे देवादिकांच्या व वीरांच्या कथा उभ्या केल्या. त्या कथा उभ्या करणारे हात मात्र कॅमेऱ्याच्या मागेच राहिले.